वाळवंटी उन्हाळ्यातील मोटरहोमची निगा

मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानगृहाची सोय असलेले आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारे निवासी वाहन. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील सोनोरन वाळवंटात अशी अनेक वाहने उन्हाळाभर एका जागी उभी ठेवली जातात. उभ्या वाहनाची झीज होत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वाळवंटात तो खरा ठरत नाही. तेथे ऊन, कोरडी हवा, धूळ व उंदीर यांचे काम वाहन थांबलेले असतानाही चालूच असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये व कॅनडा येथील अनेक निवृत्त नागरिक हिवाळा ॲरिझोना राज्यात घालवतात. त्यांना 'स्नोबर्ड' (हिमपक्षी) म्हणतात. क्वार्ट्झसाइट गावाजवळील ला पोसा येथे सरकारी जमिनीवर दीर्घ मुक्कामाचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा असतो. त्यानंतर परतताना काही जण इंधनाचा खर्च व लांबचा प्रवास टाळण्यासाठी मोटरहोम तेथेच भाड्याच्या आवारात ठेवून जातात.

ॲरिझोनाची राजधानी फिनिक्स येथे जुलैतील सरासरी कमाल तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. २६ जून १९९० रोजी तेथे ५० अंशांची नोंद झाली. ३० जून ते ३० जुलै २०२३ या सलग ३१ दिवसांत रोजचे कमाल तापमान ४३.३ अंश किंवा त्याहून अधिक होते.

उष्णतेचे परिणाम

काचेतून आत आलेली उष्णता बंद वाहनात कोंडून राहते, त्यामुळे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वाढते. प्लास्टिक ठिसूळ होते, गोंद सुटतो, लाकडी फळ्या आकसतात आणि छताच्या सांध्यांवरील लेपाला तडे जातात.

टायरच्या रबरात त्याचे रक्षण करणारे मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. चाक फिरताना ते पृष्ठभागावर येतात. वाहन उभे राहिल्यास ही क्रिया मंदावते आणि अतिनील किरण व ओझोन यांमुळे रबराला भेगा पडतात. म्हणूनच नक्षी शाबूत असलेला टायरही निकामी झालेला असू शकतो.

शिसे-आम्ल बॅटरी वापराविना आपोआप उतरते. तापमान १० अंशांनी वाढल्यास उतरण्याचा वेग साधारणतः दुप्पट होतो. उतरलेल्या अवस्थेत ती राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात व तिची क्षमता कायमची घटते.

पूर्वतयारी

छप्पर असलेली जागा सर्वांत उपयुक्त असते. ती न मिळाल्यास खिडक्यांना आतून प्रकाश परावर्तित करणारे पडदे व चाकांना पांढरी आच्छादने लावतात. सैल कापडी आच्छादन वाऱ्याने फडफडून रंग खरवडते, म्हणून ते घट्ट बांधावे लागते. टायरमध्ये उत्पादकाने सांगितलेला दाब सकाळी, चाके थंड असताना भरतात.

सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून धुतात. मोरीच्या वाकड्या नळीतील पाणी आटले की दुर्गंधी वर येते, त्यामुळे तिच्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. शीतकपाट रिकामे करून त्याचे दार किंचित उघडे ठेवतात. गॅसची मुख्य झडप बंद करतात. फवाऱ्याचे डबे, लायटर, औषधे व मेणबत्त्या आत ठेवत नाहीत. पेट्रोल अनेक महिने साठून राहणार असल्यास त्यात स्थिरीकारक द्रव्य मिसळून इंजिन काही वेळ चालवतात.

बॅटरी छोट्या सौर तावदानाला नियंत्रकामार्फत जोडता येते. ज्या बॅटरीत पाणी भरावे लागते, तिच्यातील पाण्याची पातळी उन्हाळ्यात वारंवार पाहणे आवश्यक असते.

हंगामातील देखरेख

१५ जून ते ३० सप्टेंबर हा या प्रदेशातील मोसमी पावसाचा काळ मानला जातो. वादळी वारे, धुळीच्या भिंती व अल्पकाळ कोसळणाऱ्या सरी हे त्याचे स्वरूप असते. उन्हाने तडकलेल्या लेपातून पाणी याच काळात आत शिरते, म्हणून छताची तपासणी पावसाआधी करणे हिताचे असते. छताचे झरोके थोडे उघडे ठेवल्यास उष्णता बाहेर पडते, परंतु त्यांवर पाऊस अडवणारी झाकणे असावी लागतात. मालक दूर असल्यास महिन्यातून एकदा पाहणी करणारी स्थानिक व्यक्ती नेमणे उपयोगी ठरते.

पुन्हा वापर सुरू करताना

प्रवासापूर्वी टायरच्या भेगा व दाब तपासतात. टायरवरील चार अंकी संकेतावरून निर्मितीचा आठवडा व वर्ष समजते. गॅसच्या नळ्यांची गळती आणि ज्वालकांमधील कीटकांची घरटी पाहिल्याशिवाय शेगडी पेटवू नये.

उंदरांनी कुरतडलेल्या विजेच्या तारांमुळे आग लागू शकते. त्यांच्या लेंड्यांपासून मनुष्यालाही धोका असतो. १९९३ मध्ये ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो व युटा यांच्या सीमाभागात हंटाविषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या जीवघेण्या आजाराची साथ आली होती. हा विषाणू तेथील हरिण-उंदरांच्या विष्ठा-मूत्रातून हवेत मिसळतो. त्यामुळे बंद वाहनाची दारे-खिडक्या उघडून किमान अर्धा तास हवा खेळू देतात. लेंड्या कोरड्या झाडत नाहीत. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून त्या पुसून काढतात.