विषाणूजन्य तापावरील औषधांची पारख

पालघर तालुक्यात बोईसरनजीक वसलेल्या बेटेगावच्या परिसरातील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ तारापूर औद्योगिक वसाहतीवर अवलंबून आहे. या वसाहतीत रसायने व कापड यांबरोबरच औषधांचा कच्चा मालही तयार होतो. अशा मालाची प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासली जाते, हे तेथील कामगारास सांगावे लागत नाही. परंतु ही तपासणी शुद्धतेची असते. औषध शुद्ध आहे आणि औषध गुणकारी आहे, ही दोन सर्वस्वी भिन्न विधाने होत. दुसऱ्या विधानाची परीक्षा कारखान्यात होऊ शकत नाही. ती आजारी माणसांवरच, त्यांच्या संमतीने करावी लागते. करोनाच्या साथीत हा भेद लक्षात न घेतल्याची किंमत अनेक घरांनी रोख मोजली.

श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारात पहिल्या काही दिवसांत विषाणूंची वाढ झपाट्याने होते. पुढे आजार बळावला, तर बरेचसे नुकसान शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळे होते. म्हणूनच विषाणुरोधक औषध द्यावयाचे ते आरंभीच. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा घरोघरी ठाऊक झालेले ‘टॅमीफ्लू’ हे औषधही लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. अडचण अशी की, या काळात रुग्ण इस्पितळात नसतो. तो घरी असतो किंवा अंगात कणकण असतानाही पाळीवर गेलेला असतो. शिवाय बहुतेक रुग्ण औषधाविनाही बरे होतात. सर्दी औषध घेतल्यास आठवड्यात आणि न घेतल्यास सात दिवसांत जाते, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. चाचणीशास्त्राचे मर्म त्यात पुरेपूर आले आहे. ‘गोळी घेतली आणि गुण आला’ हा अनुभव कितीही खरा असला, तरी तो पुरावा ठरत नाही.

पुरावा मिळविण्याची रीत साधी आहे. संमती देणाऱ्या रुग्णांचे जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे. एका गटास औषध आणि दुसऱ्यास दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी द्यावयाची. कोणास काय मिळाले, हे रुग्णासही ठाऊक नसावे आणि तपासणाऱ्या डॉक्टरासही. यश कशास म्हणावयाचे, हे मात्र आधीच लिहून ठेवावयाचे. निशाण लागेल तेथे मागाहून वर्तुळ काढण्याची मुभा नसते.

फॅविपिराविर या औषधाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जपानमध्ये हे औषध फ्लूसाठी २०१४ मध्ये मान्य झाले होते. मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने २०२० मध्ये सौम्य व मध्यम करोनाच्या १५० रुग्णांवर भारतात त्याची चाचणी घेतली. साथीची निकड पाहून १९ जून २०२० रोजी औषध महानियंत्रकांची मर्यादित वापरासाठी परवानगी मिळाली. चाचणी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. आरंभी एका गोळीची किंमत १०३ रुपये होती. पहिल्या दिवशी १८ आणि पुढे रोज ८ गोळ्या, असा १४ दिवसांचा पूर्ण क्रम घेतल्यास खर्च साडेबारा हजारांवर जाई. कंत्राटी कामगारास ही रक्कम लहान नव्हे. महिन्याभरात किंमत ७५ रुपयांवर आली, तरी बोजा राहिलाच.

चाचणीत आधी ठरविलेली कसोटी होती ती शरीरातून विषाणू नाहीसा होण्याच्या अवधीची. औषध घेणाऱ्यांना मध्यमानाने पाच दिवस लागले, न घेणाऱ्यांना सात. दोन दिवसांचा हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकेल, असे गणित सांगत होते. लक्षणे मात्र पाचऐवजी तीन दिवसांत ओसरली. पण कोणास औषध मिळाले हे या चाचणीत सर्वांना ठाऊक होते, आणि बरे वाटण्यावर विश्वासाचाही परिणाम होतोच. दुष्परिणाम बहुतांशी सौम्य होते, तरी त्यांचे प्रमाण शेकडा ८ विरुद्ध ३६ होते. लेखकांनी हे सारे आकडे प्रसिद्ध केले, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. दोष घाईने काढलेल्या अर्थाचा होता.

मोल्नुपिराविरची कथा आणखी उद्बोधक आहे. लस न घेतलेल्या रुग्णांवरील जागतिक चाचणीत प्रथम असे दिसले की, इस्पितळात जाण्याचे वा मृत्यूचे प्रमाण शेकडा १४ वरून ७ वर येते. चाचणी पूर्ण झाली तेव्हा तेच आकडे ९.७ आणि ६.८ असे निघाले. पुढे ब्रिटनमध्ये, बहुतांशी लसीकरण झालेल्या २५ हजारांहून अधिक लोकांवर, ते घरीच असताना चाचणी घेण्यात आली. दोन्ही गटांत सुमारे एक टक्का लोकांनाच इस्पितळात जावे लागले. औषध घेणाऱ्यांना काही दिवस आधी बरे वाटले, एवढेच. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये या औषधास परवानगी मिळाली होती. परंतु सुरक्षिततेच्या शंकेमुळे राष्ट्रीय उपचारसूचीत त्याचा समावेश झाला नाही. मार्च २०२३ च्या केंद्रीय सूचनांत ही दोन्ही औषधे वापरू नयेत, असे स्पष्ट नमूद आहे. गर्भवतींसाठी तर ती दोन्ही वर्ज्य मानली जातात. याउलट निर्मात्रेल्विर व रिटोनाविर ही जोडगोळी लस न घेतलेल्या व धोका अधिक असलेल्या रुग्णांना पहिल्या तीन दिवसांत दिली असता, इस्पितळ वा मृत्यूचे प्रमाण शेकडा साडेसहावरून एकाच्याही खाली आले. म्हणजे आरंभीच्या उपचाराची कल्पना चुकीची नव्हती. प्रत्येक औषधास स्वतःची परीक्षा द्यावी लागते, इतकेच.

अशा चाचण्या घरी असलेल्या रुग्णांवर घ्यावयाच्या, तर त्या गावापर्यंत येणार. म्हणून २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम पंचायत सदस्यांना व शिक्षकांना ठाऊक असणे इष्ट. पहिला रुग्ण घेण्यापूर्वी चाचणीची नोंद राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत करावी लागते. नोंदणी क्रमांक कोणीही विचारू शकतो. माहिती रुग्णास समजेल अशा भाषेत द्यावयाची असते. त्यास वाचता येत नसेल, तर संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो. संमती केव्हाही मागे घेता येते व त्यामुळे नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये. चाचणीमुळे अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळण्याची तरतूद आहे. चाचणीस मान्यता देणाऱ्या नीती समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत वैद्यकाबाहेरील एक सामान्य नागरिक असावाच लागतो. ती जागा गावच्या शिक्षकासही भूषविता येईल. संमतिपत्राची एक प्रत रुग्णाजवळ राहते. ती शिधापत्रिकेप्रमाणे जपून ठेवावी, कारण पुढे भरपाईचा प्रश्न निघाल्यास तोच कागद उपयोगी पडतो.