नेट बंद? आधी कुठे अडलंय ते शोधा

घरचा संगणक : लेखांक ९

गेल्या आठवड्यात संगणक मंदावण्याची कारणं पाहिली. आजचा विषय त्याहून जास्त वैताग देणारा आहे. संगणक नीट सुरू होतो, सगळं जागच्या जागी दिसतं, पण नेट नाही. त्यात मुलांच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल, तर घरातला प्रत्येकजण हाताला लागेल ते करत सुटतो. एकजण राऊटर बंद-चालू करतो, दुसरा केबल उपसतो, तिसरा मोबाइलवर व्हिडिओ बघून सेटिंग बदलतो. एवढ्यातून नेट आलंच, तर ते कशामुळे आलं हे कळत नाही. नाही आलं, तर मूळ बिघाडात आपल्या हातच्या दोन-तीन बिघाडांची भर पडते.

म्हणून आधी निदान, मग दुरुस्ती. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल.

घरात येणाऱ्या नेटची वाट तशी सरळ आहे. खांबावरून किंवा डक्टमधून फायबरची तार येते, ती ओएनटी नावाच्या डब्यात शिरते. तिथून राऊटर, राऊटरकडून वायफायने किंवा लॅन केबलने संगणक आणि शेवटी ब्राउझर. बऱ्याच घरांत ओएनटी आणि राऊटर एकाच डब्यात असतात. या वाटेवर नेमकं कुठे अडलंय, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पहिला प्रश्न : सगळ्यांचं गेलंय की एकाचंच?

घरातला एखादा मोबाइल त्याच वायफायला जोडा आणि त्याचा मोबाइल डेटा आठवणीने बंद करा. डेटा चालू राहिला, तर वायफायवर नेट नसताना फोन गुपचूप सिमचं नेट वापरतो आणि आपली फसगत होते. मोबाइलवरही नेट नसेल, तर बिघाड राऊटरमध्ये, ओएनटीत किंवा बाहेर आहे. अशा वेळी संगणकाला हातही लावू नका. मोबाइलवर नेट असेल, तर दोष संगणकाच्या बाजूला आहे.

सगळ्यांचंच गेलं असेल तर

ओएनटीसमोर जा आणि दिवे बघा. त्यातले दोन महत्त्वाचे. एकावर ‘पीओएन’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘एलओएस’. सगळं ठीक असताना पीओएन स्थिर हिरवा असतो आणि एलओएस विझलेला. एलओएस लाल झाला, म्हणजे तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. फायबर ही काचेची तार आहे. कपाट मागे सरकवताना ती चेपली, खिळ्यापाशी काटकोनात दुमडली, उंदराने कुरतडली किंवा पावसाळ्यात फांदी पडून बाहेर तुटली, तरी दिवा लालच दिसतो. घरातली तार कुठे दबली किंवा दुमडली आहे का ते पाहा आणि ती सैल गोलाईत ठेवा. डब्यातला प्लग नीट बसलाय का तेही बघा. हा प्लग बहुधा हिरवा असतो. तो काढून तारेच्या टोकात डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका, कारण बोटाचा डाग प्रकाश अडवतो. एवढं बघूनही दिवा लाल राहिला, तर पुढचं काम कंपनीचं किंवा केबलवाल्याचं आहे.

पीओएन नुसता लुकलुकत असेल, तर प्रकाश पोचतोय, पण पलीकडच्या यंत्रणेशी नोंदणी पुरी होत नाहीये. दोन्ही दिवे ठीक असूनही नेट नसेल, तर आधी रिचार्ज संपलाय का ते तपासा. मग ओएनटी आणि राऊटर दोन्हींची वीज बंद करा. थोड्या वेळाने आधी ओएनटी चालू करा, त्याचे दिवे स्थिरावू द्या आणि नंतरच राऊटर लावा.

इथे एक कळकळीची सूचना. राऊटरच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, ते रीसेटचं. त्यातलं बटण दाबून धरलं की राऊटर बंद-चालू होण्यावर थांबत नाही, त्यातली सगळी सेटिंग पुसली जातात. अनेक जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राऊटरमध्येच भरलेले असतात, तेही जातात. मग रिचार्ज असूनही आणि दिवे हिरवे असूनही नेट येत नाही, माणसाची वाट बघत बसावं लागतं.

एकाच संगणकाचं गेलं असेल तर

आधी साध्या गोष्टी. एअरप्लेन मोड लागलाय का? लॅपटॉपवरचं वायफायचं बटण चुकून दाबलं गेलंय का? राऊटरचा पासवर्ड अलीकडे बदलला असेल, तर जुनं नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. संगणक आतल्या खोलीत असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झऐवजी २.४ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क निवडा. त्याचा वेग कमी असतो, पण ते भिंतींपलीकडे जास्त पोचतं. शक्य असेल तर राऊटरपासून लॅन केबल जोडून पाहा. केबलवर नेट आलं, तर दोष संगणकाच्या वायफायमध्ये आहे.

एवढ्याने भागलं नाही, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. येणाऱ्या मजकुरात ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ची ओळ शोधा. तो आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुतेक घरांत राऊटरने पत्ता दिला असं समजायचं. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला, पण कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. या पत्त्यावरून घराबाहेर जाता येत नाही. अशा वेळी वायफाय तोडून पुन्हा जोडा, नाहीतर राऊटर एकदा बंद-चालू करा.

पत्ता ठीक असेल, तर ‘पिंग’ ही आज्ञा तीन पायऱ्यांत वापरा. अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली ही छोटी आज्ञा आजही तितकीच कामाची आहे. पहिल्यांदा पिंगपुढे ‘डिफॉल्ट गेटवे’च्या ओळीत दिसणारा आकडा टाका, म्हणजे राऊटरचा. चार उत्तरं आली, तर राऊटरपर्यंतची वाट मोकळी आहे. मग पिंग ८.८.८.८ करा. हा गूगलचा सर्व्हर आहे. तिथून उत्तर आलं, तर बाहेरची वाटही मोकळी. शेवटी पिंगपुढे एखाद्या वेबसाइटचं नाव टाका. आकड्याला उत्तर मिळतं, पण संगणकाला ते नावच सापडत नसेल, तर दोष डीएनएसमध्ये आहे.

डीएनएसचं काम मोबाइलमधल्या कॉन्टॅक्ट्ससारखं आहे. आपण नाव सांगायचं, आकडा त्याने शोधायचा. पॉल मॉकापेट्रिस यांनी ही व्यवस्था १९८३ मध्येच मांडली. ती अडली, तर नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

तिन्ही पायऱ्या पार झाल्या आणि तरी ब्राउझर पान उघडत नसेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला, की वीज जाताच घड्याळ काही वर्षं मागे जातं. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर पान नाकारतो. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला. तो स्वस्त असतो आणि सहज मिळतो. तारीख ठीक असेल, तर व्हीपीएन आणि प्रॉक्सी बंद करून पाहा.

विंडोज अपडेटनंतर वायफायच गायब झालं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या. नवा ड्रायव्हर उतरवायचा असेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी ठेवा, कारण त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड जातात.

तक्रार करताना

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधला नंबरच वापरा. नेट दुरुस्त करतो म्हणून कुणी स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावलं किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला कळवा.

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं, तर समोरचा तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला लावतो. ‘एलओएस सकाळपासून लाल आहे, घरातली तार तपासली’ असं सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दाद मिळाली नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाताना तो लागतो.

आणि एक काम आजच, नेट चालू असतानाच उरका. ओएनटी आणि राऊटरच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे सारं ठीक असताना ते कसे दिसतात हे अडचणीच्या वेळी आठवावं लागणार नाही. ग्राहक क्रमांक, कंपनीचं युजरनेम, वायफायचा पासवर्ड आणि तक्रारीचा नंबर एका कागदावर लिहून तो घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. घरात एकच माणूस ‘नेटवालं’ बघत असेल, तर हे दिवे बाकीच्यांनाही एकदा दाखवा. आजी-आजोबांनासुद्धा. लाल आणि हिरवा ओळखायला संगणक यावा लागत नाही.

पुढच्या लेखांकात : घरच्या वायफायचा पासवर्ड आणि त्याची सुरक्षितता.