३० नंतर काय?

२८, २९, ३०... पुढे काय? कुणीही ३१ म्हणेल. पण वाशी स्टेशनातून बाहेर पडा आणि पाट्यांवरचा पत्ता वाचा: सेक्टर ३०-अ. क्रमाचा नियम आपल्याला कुणी सांगितलाच नव्हता, तो आपण गृहीत धरला.

स्पर्धा परीक्षांतला 'माहितीची पर्याप्तता' हा प्रश्नप्रकार नेमकी हीच खोड मोडतो. तिथे उत्तर काढत बसायचं नसतं. प्रश्नासोबत दिलेल्या दोन विधानांतून एक आणि एकच उत्तर निघेल का, एवढंच ठरवायचं असतं.

समजा, अंकगणिती श्रेढीतल्या पहिल्या पाच संख्यांची बेरीज १०० आहे. तिसरी संख्या कोणती? पहिली ठाऊक नाही, दोन संख्यांतला फरकही नाही. तरी माहिती पुरते! पहिली संख्या मधलीपेक्षा जितकी लहान, तितकीच पाचवी मोठी, दुसरी-चौथीचंही तसंच. म्हणजे मधली हीच सरासरी, २०. आता भूमिती श्रेढी घ्या. पहिली संख्या ३, तिसरी १२. दुसरी ६ असं चटकन सुचतं, पण ३, -६, १२ हेही बिनचूक बसतं. 'सगळ्या संख्या धन आहेत' एवढं कळलं, तरच ६ पक्के.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या एका खेळात तर नियम उघड असूनही गाडी अडते. संख्येत तिचेच अंक मिळवायचे. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले, की २८. मग ३८, ४९, ६२. पुढे जायला एक संख्या पुरे. उलट फिरलात की पंचाईत. १०१ च्या आधी कोण होतं? ९१ चालतं, १०० सुद्धा चालतं. आणि २० च्या आधी कुणीच नाही! अशा जनक नसलेल्या संख्या म्हणजे स्वयंभू संख्या. १९६३ साली कापरेकरांनी त्यांच्यावर देवळालीहूनच पुस्तिका काढली.

परीक्षेत 'दोन्ही विधानं मिळूनही माहिती अपुरी' हा पर्याय अंदाजाने निवडायचा नसतो. १०१ चं केलं तसं करायचं: दिलेल्या माहितीत चपखल बसणारी दोन निराळी उत्तरं कागदावर मांडायची. २८, २९, ३० साठी ती तयारच आहेत: ३१ आणि ३०-अ.