उसने बूट आणि व्यक्तिमत्त्वाचे दहा गुण

काही वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका पतसंस्थेने लिपिकांच्या मुलाखतींसाठी मला परीक्षक म्हणून बोलावले होते. मी अकोल्याचा, सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि ऑटोने संस्थेत पोहोचलो. आम्ही तिघे परीक्षक होतो. समोर छापील गुणपत्रक होते: विषयज्ञान 20, संभाषण 10, व्यक्तिमत्त्व 10.

अकराच्या सुमारास मेळघाटातला एक कोरकू मुलगा आत आला. धारणीहून पहाटेची एसटी धरून, परतवाड्याचा घाट उतरून आलेला. शर्ट चुरगळलेला, चाल अडखळती. हिशेबाचे सगळे प्रश्न त्याने बरोबर सोडवले. तो गेल्यावर शेजारचे परीक्षक म्हणाले, "पोरगा हुशार आहे हो, पण काउंटरवर बसवायचा म्हणजे जरा शोभला पाहिजे." मी काही बोललो नाही. व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात 4 लिहिले. चालण्यात आत्मविश्वास दिसला नाही, हे माझे कारण.

मग पाणी प्यायला व्हरांड्यात गेलो. तो मुलगा पायरीवर बसून काळे बूट काढत होता. शेजारी त्याचा मित्र अनवाणी उभा होता. दोघे कोरकूत काही बोलले आणि मित्राने तेच बूट पायात घातले. पुढच्या क्रमांकाला तो मित्रच आत आला. बूट त्याचेच असावेत. मापाला बसत होते, चाल सरळ होती. त्याला मी 7 दिले. पहिल्याचे 4 मात्र तसेच राहू दिले. खाडाखोड केली तर तिघांच्या सह्या लागल्या असत्या आणि कारणही सांगावे लागले असते. तो मुलगा निवड यादीत दोन गुणांनी मागे राहिला.

त्या चार गुणांचा हिशेब मी पुढे बरीच वर्षे मांडत राहिलो. त्यासाठी जे वाचले, त्याचा हा गोषवारा.

ओह, शाफिर आणि टोडोरोव्ह या संशोधकांनी 'नेचर ह्युमन बिहेवियर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांनी तेच चेहरे वेगवेगळ्या कपड्यांत लोकांना दाखवले. एक कपडा जरा सधन घरातला वाटणारा, दुसरा जरा गरीब घरातला. सधन कपड्यातला चेहरा लोकांना अधिक कार्यक्षम वाटला. छायाचित्र अवघे 129 मिलिसेकंद दाखवले तरी फरक राहिला. कपड्यांकडे लक्ष देऊ नका, असे बजावून सांगितले तरीही राहिला. म्हणजे मुलाने खुर्चीला हात लावण्याआधीच माझे मत झालेले असणार. नंतर मी त्याला फक्त कारण शोधले.

पण हा प्रश्न नुसत्या गरिबीचा असता तर चांगले कपडे घालून सुटला असता. तो तसा सुटत नाही, याचा सर्वात बोलका दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 1917 मध्ये अमेरिका-इंग्लंडमधून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हॉटेलात जागा मिळेना, म्हणून एका पारशी सराईत गेले. वरचे कपडे उतरवले तेव्हा अंगावर सदरा आणि कस्ती नाही, हे तिथल्या रखवालदाराच्या लक्षात आले. शेवटी पारशी नावाने नोंद करून ते राहिले. पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना सराई सोडावी लागली. अंगावरच्या विलायती पोशाखाने दार उघडले, तरी शोध कपड्याखालच्या जन्माचाच चालू होता.

कपडा दिसतच नसेल तर? अमरावती जिल्ह्यातूनच आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह 2007 मध्ये याचे उत्तर दिले. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावे वेगळी: काही उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या फेरीसाठी निवड होण्याची संधी उच्चवर्णीय नावाला 1 धरली, तर दलित नावाला ती 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33 निघाली. इथे ना बूट होते, ना शर्ट; आडनाव पुरले.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्यांना बोलते केले. जातीचे नाव कुणी घेत नव्हते. सगळे उमेदवाराच्या 'कौटुंबिक पार्श्वभूमी'बद्दल बोलत. आमच्या अमरावतीच्या खोलीत तेच काम 'शोभणे' या शब्दाने केले. त्या शब्दात कपडा होता, काळा रंग होता आणि रानातून आलेला आदिवासीही होता. तिन्ही वेगळे उच्चारायची गरज पडली नाही.

कचेरीतल्या पादत्राणांचा इतिहास तर सरकारी कागदांतच आहे. 1868 च्या इंग्रज सरकारच्या ठरावाने विलायती बूट-मोजे घालणाऱ्या हिंदी माणसाला दरबारात आणि कचेरीत ते घालून येण्याची मुभा दिली. देशी जोडा घालणाऱ्याने मात्र तो बाहेरच काढायचा. वऱ्हाडचा कारभार तेव्हा इंग्रजांकडेच होता. साहेब गेला, कचेरीचा उंबरठा अजून बूट तपासतो.

"कपडे काय, बदलता येतात," असे यावर म्हटले जाते. अमेरिकेत हा युक्तिवाद न्यायालयात टिकला. एका कृष्णवर्णीय स्त्रीने आपल्या केसांच्या जटा कापायला नकार दिला म्हणून तिची मिळालेली नोकरी गेली. 2016 मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला नाही. केशरचना बदलता येते, वंश नव्हे, असा त्यामागचा तर्क होता. हा तर्क मोडण्यासाठी कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये क्राउन कायदा केला. वंशाशी जोडलेल्या केशरचनेवरून नोकरीत भेद करणे तिथे बेकायदा ठरले. आमच्या त्या मुलाने तर बदल केलाही होता. उसने बूट घालून तो आला आणि त्या बुटांनीच त्याची चाल बिघडवली.

आपल्या संविधानाचे कलम 16 धर्म, वंश, जात, कूळ, जन्मस्थान अशा कारणांवरून भेद करायला मनाई करते, पण शासनाच्या नोकरीपुरतीच. पतसंस्था, दुकान, खासगी कंपनी त्याच्या बाहेर राहतात. तिथे उपाय साधेच, पण आधी ठरवायला हवेत. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. मुलाखत घ्यायचीच असेल तर सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, उत्तर झाल्याबरोबर गुण द्यावेत आणि गुणासमोर कारण लिहावे. गणवेश लागणार असेल तर तो संस्थेने द्यावा.

गेल्या वर्षी अकोल्यातल्या एका संस्थेने मला बोलावले, तेव्हा मी गुणपत्रक आधी मागवून घेतले. 'व्यक्तिमत्त्व' हा रकाना काढा, असे सुचवले. संस्थेला ते पटले नाही. बऱ्याच चर्चेनंतर दहाचे पाच झाले आणि गुण कापल्यास कारण लिहिण्यासाठी समोर एक ओळ आली. त्या दिवशी एकवीस उमेदवार येऊन गेले. संध्याकाळी कागद गोळा केले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळ कोरी होती आणि रकान्यात पाचपैकी पाच.