मे महिन्यासाठी घेतलेला एसी

वर्ध्याजवळच्या नालवाडीत एसीवाल्या मेकॅनिकला मे महिन्यात फोन केला तर तो आधी विचारतो, "थंड करत नाही का?" तोच फोन ऑगस्टमध्ये केला तर प्रश्न वेगळा असतो: "वास येते का काळं पडलं?"

आमच्याकडे दोन्ही होतं. बेडरूममधल्या स्प्लिट एसीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर काळे ठिपके, वर छताच्या कोपऱ्यात हिरवट डाग आणि सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं कुबट वास. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या की आठवड्याभरात ठिपके परत हजर. शेवटी मेकॅनिकला बोलावलं आणि तो काम करत असताना शेजारीच उभी राहिले.

त्याने आधी एमसीबी पाडला. रिमोटने बंद केलेल्या एसीत वीज असतेच. मग तोंडाला रुमाल बांधला, मशीनच्या खाली प्लास्टिकची झोळी अडकवली, झोळीची नळी बादलीत सोडली आणि आतल्या सर्किटवर पिशवी गुंडाळून टेप लावला. फिल्टर काढून माझ्या हातात देत म्हणाला, "हे तर सारेच धुतात जी काकू. याच्या मांगं कोण पाह्यते?"

त्याने मागे टॉर्च मारली. फिल्टरला आणि कॉइलच्या वरच्या अंगाला नुसती करडी, कोरडी धूळ होती. काळं सुरू होत होतं ते कॉइलच्या पुढे. ब्लोअर म्हणजे लांबट ढोल. त्याच्या वाकड्या पात्यांच्या प्रत्येक खाचेत काळा थर बसलेला. त्याखाली पाण्याचा ट्रे, तो बुळबुळीत. आणि सगळ्यात शेवटी, आपल्याला दिसणाऱ्या पट्ट्या. म्हणजे मी पुसत होते तो बुरशीचा फक्त उंबरठा होता. हवा आधी फिल्टरमधून, मग गार कॉइलवरून, मग ब्लोअरमधून खोलीत येते. कॉइलच्या पलीकडचं सारं गार आणि दमट राहतं, तिथे ऊनही कधी पोचत नाही.

पण मग मे महिन्यात, मशीन जवळजवळ दिवसभर चालत असताना, हे का होत नाही? उत्तर एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीशी आहे. मेमध्ये ती नळी जेमतेम ठिबकते, जुलैत बादली भरते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतून पाणी सुटायला पृष्ठभाग सुमारे 12 अंशांपर्यंत गार व्हावा लागतो. पावसाळ्यात 30 अंश आणि 80 टक्के असताना मात्र 26 अंशांनाच दव धरतं. पट्ट्यांवरून बाहेर पडणारी हवा त्याहून कितीतरी गार असते. खोलीतली दमट हवा त्या पट्ट्यांना आणि गार झोत लागणाऱ्या छताला भिडली की तिथे ओल येणारच. म्हणूनच 18 वर लावलेल्या एसीच्या पट्ट्या 26 वर लावलेल्यापेक्षा जास्त घामेजतात. 1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडे स्टार लेबलचे नवे एसी सुरू होताना 24 वर लागतात. तो नियम विजेसाठी केला, पण पट्ट्यांनाही मानवतो.

नालवाडी म्हटलं की जुन्या लोकांना विनोबा आठवतात, ते 1938 साली पवनारला जाण्याआधी इथे राहत. आणि इथलं चर्मालय. पावसाळ्यात चामड्याला बुरशी कशी चढते हे तिथल्या कारागिरांना कोणी शिकवावं लागलं नसेल. चामडं हे बुरशीचं अन्नच. एसीचं प्लास्टिक तसं नाही. ती खाते प्लास्टिकवरची धूळ, म्हणजे कपड्यांचे तंतू, आपल्या कातडीचा कोंडा, स्वयंपाकघरातून उडालेला तेलाचा अंश. फिल्टर धुण्याला अर्थ आहे तो एवढ्यासाठी. पण ओल तशीच ठेवून नुसती धूळ कमी केली तर बुरशी थोडी उशिरा येते, इतकंच.

जेट पंप सुरू झाला. पाण्याची धार त्याने कॉइलच्या पातळ पत्र्यांना समांतर धरली. आडवी मारली तर ते दुमडतात आणि हवा अडते. ब्लोअर हाताने थोडा थोडा फिरवत त्याने खाच न् खाच धुतली. बादलीत आधी शाईसारखं पाणी आलं, मग करडं, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ. पट्ट्या काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या. कोरड्या ब्रशने त्या खरवडू नयेत, बुरशीची बीजं खोलीभर उडतात आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. शेजारच्या काकूंनी सुचवलेलं ब्लीच त्याने साफ नाकारलं, कारण कॉइलचं ॲल्युमिनियम त्याने खराब होतं. तेच ब्लीच व्हिनेगरबरोबर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे काकूंना मी नंतर सांगितलं.

मग तो बाहेर गेला. ड्रेनची नळी मध्येच लोंबली होती आणि त्या झोळात पाणी साचून राहिलं होतं. त्याने ती ओढून उतार दिला. आत येऊन भिंतीतल्या तांब्याच्या पाइपांच्या भोकाशी हात धरला. बाहेरची पावसाळी हवा थेट मशीनच्या पाठीशी येत होती. तिथे पुट्टी भरली.

त्याची नजर शेवटी गेली खिडकीकडे. आमच्या भागातली घरं कूलरसाठी बांधलेली. खिडकीत कूलर बसतो, दार किलकिलं ठेवायचं, हवा खेळती हवी. कूलर हवेत पाणी घालतो, एसी ते काढतो, आणि आम्ही एकाच घरात दोन्ही मांडले. जूनमध्ये कूलरचं पाणी बंद होतं, कूलर मात्र दिवाळीपर्यंत खिडकीतच राहतो आणि त्याच्या जाळीतून ओली हवा आत येत राहते. शिवाय आम्ही घेतलेला एसी दीड टनाचा. मेमधल्या दुपारी तो बरोबर वाटतो. जुलैत त्या लहान खोलीला तो मोठा पडतो, झटपट गार करून कॉम्प्रेसर थांबतो आणि पंखा ओल्या कॉइलवरची वाफ पुन्हा खोलीत सोडतो. दुकानदार एसी विकतो मे महिन्याच्या हिशेबाने, आणि आपणही त्याच घामात घेतो.

"ड्राय मोडवर चालवा, अन् बंद करायच्या आधी अर्धा घंटा नुसता पंखा," मेकॅनिक म्हणाला. ब्लोअर वाळावा म्हणून हा पंखा, तेव्हा त्या अर्ध्या तासात खोली थोडी दमट होते ती सोसायची. छताचा डाग साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचा, रंगाचं नंतर पाहू. ओल्यावर मारलेला रंग फुगतो. आणि कूलर? तो काढायला दोन माणसं लागतात, खिडकीला मापाचं प्लायवूड लागतं. सुताराला निरोप धाडला आहे.