पडद्यामागची पाळी



संगणकाचा पडदा मनाजोगता सजविण्याची हौस आता पुष्कळांना आहे. कोणी त्यावर घड्याळ मांडतो, कोणी हलते चित्र लावतो, कोणी टास्कबारचे रूप पालटतो. मात्र सजावट झाली तरी ते सॉफ्टवेअर मागे चालूच राहते. आमचे सभासद विचारतात, "भिंत रंगवून झाली की रंगारी घरी जातो, मग हा का जात नाही?" प्रश्न रास्त आहे.

उत्तर असे की, पडदा म्हणजे भिंत नव्हे. भिंतीवरचा रंग टिकतो. पडद्यावरचे चित्र पुनःपुन्हा काढावे लागते. नुसते साधे चित्र बदलले, तर विंडोज ते स्वतःच लक्षात ठेवते. तेथे राखणदार लागत नाही. परंतु डेस्कटॉप व टास्कबार मांडणाऱ्या एक्सप्लोरर या प्रोग्रॅमला जे मुळात येत नाही, ते करवून घ्यायचे, तर विंडहॉकसारखे सॉफ्टवेअर चालू एक्सप्लोररच्या मेमरीत शिरून बदल करते. हा बदल मेमरीतलाच. एक्सप्लोरर बंद पडून पुन्हा सुरू झाला की पाटी कोरी! ती पुन्हा लिहायला कोणी तरी जागे हवेच.

पण जागे असणे आणि राबणे एक नव्हे. गिरणीच्या फाटकाशी बदली कामगार बोलावण्याची वाट पाहत उभा असे. तसाच एखादा प्रोग्रॅम कळ दाबल्याचा किंवा खिडकी उघडल्याचा निरोप येईपर्यंत निजून असतो. तो प्रोसेसरचा वेळ जवळजवळ घेत नाही; मेमरीत जागा तेवढी अडवतो. रेनमीटरची घड्याळे आणि मापके सहसा दर १००० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला एकदा, उठून आकडे पाहतात. वॉलपेपर इंजिनसारख्याला तर हलते चित्र सेकंदात अनेकदा काढावे लागते. खरा खर्च तेथे होतो. म्हणूनच दुसरा प्रोग्रॅम पडदाभर पसरला की थांबण्याची सोय त्यात ठेवली आहे.

याखेरीज काही सॉफ्टवेअरे नवी आवृत्ती आली का, हे पाहायलाही एक प्रोसेस मागे ठेवतात. सजावटीशी तिचा काही संबंध नसतो.

मग सामान्य माणसाने काय करावे? हजेरीपट तपासावा! कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोण हजर आहे, कोण किती मेमरी व प्रोसेसर खातो, हे तेथे दिसते. त्यातील स्टार्टअपच्या पानावर नको त्याची सकाळची हजेरी बंद करता येते. थोड्या मेमरीच्या जुन्या यंत्रावर पोट भरणाऱ्याला याचे मोल अधिक. शिवाय जो दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत शिरू शकतो, त्याच्या हाती घराची किल्लीच असते. ती ओळखीच्यालाच द्यावी.

मागे कोणी उभा आहे एवढ्यावरून त्याला चोर समजू नये, आणि काम विचारल्यावाचून त्याला ठेवूही नये. यंत्र आपले आहे. त्याच्या हजेरीपटावर सही आपलीच असली पाहिजे.