चामड्याचे बूट घेताय? आधी वाकवून बघा!

ट्रेकच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर सीझनला एक प्रश्न हमखास पडतो, 'बूट कुठले घेऊ?' उत्तरंही ठरलेली. कुणी म्हणतं, अ‍ॅक्शन ट्रेकिंग घे आणि गप्प बस. कुणी डेकॅथलॉनची लिंक टाकतं. मग एखादा सीनिअर उगवतो आणि सांगतो, 'एकदाच लेदरचे घे, पुढची दहा वर्षं बघायला नको.' खरी गडबड इथे होते. लेदरचे म्हणजे नक्की कसले, आणि घेतल्यावर त्यांचं करायचं काय, हे सांगायला तो सीनिअर थांबत नाही. इकडे तुम्ही दिवाळीचे पैसे, वाढदिवसाचं पाकीट आणि इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड एकत्र करून बसलेले असता.

मुळात तुम्हाला ते लागतात का, हे आधी ठरवा. तुमचे ट्रेक म्हणजे जुलै-ऑगस्टमधले रविवार, लोहगड, कळसूबाई, धबधबा आणि भजी असे असतील तर चामड्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्या पावसात पाणी सोलमधून नाही, वरून घुसतं. ओढा ओलांडताना एकदा घोट्याच्या वर पाणी गेलं की वॉटरप्रूफ बूटसुद्धा बादली होतो. आत गेलेलं पाणी बाहेर सोडायलाही तो तयार नसतो. भिजलेलं चामडं जड होतं आणि सुकायला दोन-दोन दिवस घेतं. अशा वेळी पटकन निथळणारे, स्वस्त, चांगल्या ग्रिपचे शूजच बरे. यात कमीपणा काही नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणारी कितीतरी मंडळी पावसाळ्यात तेच घालतात.

चामडं खरं कामाला येतं ते ऑक्टोबरनंतर. पाठीवर तंबू, शिधा, पाणी असं दहा-बारा किलोचं ओझं घेऊन राजगड-तोरणा करायचाय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचाय, किंवा मे महिन्यात हिमालयातला आठवड्याभराचा ट्रेक बुक केलाय, तिथे जाड चामडं आणि कडक सोल पायाला जो आधार देतात तो जाळीच्या शूजना जमत नाही. कारवीचे खुंट, करवंदीचे काटे, बेसॉल्टच्या धारदार कडा यांनी जाळी फाटते. चामड्यावर फक्त ओरखडा उठतो. फक्त वजनाचं भान ठेवा. पायातलं एक किलो पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतकं दमवतं, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. तेव्हा 'जितका जड तितका मजबूत' हे खरं नाही.

आता दुकानात. लेबलवर 'जेन्युइन लेदर' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच, की यात कुठल्या तरी थरातलं चामडं आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर, ज्यात तंतू घट्ट विणलेले असतात, तो न घासता ठेवला की ते फुल ग्रेन. हेच टिकतं. वरचा थर घासून डाग काढले आणि त्यावर रंगाचा लेप दिला की ते करेक्टेड ग्रेन. दिसायला गुळगुळीत, पण लेप तडकला की गेलं. खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेलं स्प्लिट लेदर ट्रेकसाठी टाळाच. नबक म्हणजे फुल ग्रेनच, वरून हलकं घासून मखमली केलेलं. ते चालेल.

ओळखायचं कसं? बूट बोटं दुमडतात तिथे वाकवून बघा. चांगल्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात आणि सोडलं की त्या विरतात. प्लास्टिकचा थर असेल तर एकच जाड घडी पडते. पूर्ण पृष्ठभाग एकसारखा, एकही छिद्र नाही, एकही डाग नाही, असं दिसलं तर शंका घ्या. जनावराची कातडी एवढी नितळ नसते. आणि शिलाई मोजा. जितके कमी तुकडे जोडलेले, तितक्या पाणी शिरायच्या आणि उसवायच्या जागा कमी.

सोल हा तर जिवाचाच मामला आहे. इटलीत 1935 मध्ये विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार आल्प्समध्ये मृत्युमुखी पडले. अपुरी पादत्राणं हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. ब्रामानीने त्यानंतर खोल खाचांचा रबरी सोल तयार केला आणि 1937 मध्ये तो बाजारात आला. आज बुटांच्या तळाला पिवळ्या अष्टकोनात दिसणारं 'व्हिब्रम' हे नाव त्याच्याच नावा-आडनावातून आलंय. म्हणजे सोल उलटा करून बघण्यात चिकित्सकपणा काही नाही. खाचा चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात आणि टाचेपुढे स्पष्ट पायरी हवी. घसाऱ्यावरून उतरताना ब्रेक तीच लावते. रबर नखाने दाबून बघा. दगडासारखं कडक असेल तर टिकेल खूप, पण ओल्या कातळावर घसरवेल. शेवाळावर मात्र जगातला कुठलाही सोल धरत नाही, तिथे सावकाश पाऊल टाकणं हाच उपाय. आडवाटेला पाय मुरगळला तर गावातल्या माणसांना तुम्हाला झोळी करून खाली आणावं लागतं, हे लक्षात असू द्या. आणि उंच गळ्याचे बूट घातले म्हणजे पाय मुरगळतच नाही, हा समजही काढून टाका.

सोल जोडलाय कसा, हेही विचारा. नुसता चिकटवलेला असेल तर आपल्या ऊन-पावसात कधी तरी तोंड उघडणारच. वरच्या चामड्याला पट्टी शिवून तिच्यावर सोल शिवलेला असेल, ज्याला वेल्ट म्हणतात, तर झिजल्यावर सोल बदलता येतो. काही कंपन्या चिकटवलेल्या सोलच्या कडेला शोभेचे टाके उठवतात. दोरा खरा आहे का, ते नख लावून तपासा.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या चालीने पाय थोडे सुजलेले असतात, ट्रेकवरही तसेच असणार. ट्रेकचेच मोजे घालून जा. ते लोकरीचे किंवा सिंथेटिक असावेत, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड आणतो. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी आवळा आणि दुकानातल्या जिन्यावरून खाली उतरा. अंगठा पुढे आदळला तर बूट परत द्या, कितीही आवडलेला असो. नाहीतर तोरण्याच्या उतारावर नख काळं होणार हे नक्की. चढताना टाच वर उचलली जात असेल तर तेही चालणार नाही.

एक स्वस्त मोह इथेच सांगून टाकतो. बाजारात सेफ्टी शूज आणि लष्करी धाटणीचे काळे बूट कमी पैशात मिळतात, चामडंही जाड असतं. पण सेफ्टी शूजच्या पुढे पोलादी टोपी असते आणि उतारावर बोटं तिच्यावरच आपटतात. वर्कशॉपसाठी ते उत्तम. गडावर नकोत.

नवीन बूट थेट ट्रेकला घालणं म्हणजे टाचेच्या फोडांना आमंत्रण. आधी घरात तासभर, मग कॉलेजला, मग पर्वती, हनुमान टेकडी किंवा तुमच्या गावातली जी टेकडी असेल तिथे. जाड चामड्याला दोन-तीन आठवडे लागतात. पाण्यात भिजवून घालायचे वगैरे शॉर्टकट बुटाचंच नुकसान करतात.

निगा म्हणाल तर निम्मं काम घरी आल्याबरोबरच्या पंधरा मिनिटांत होतं. आपली लाल माती वाळली की चामड्यातला ओलावा आणि तेल ओढून घेते, म्हणून बूट 'नंतर बघू' म्हणत दाराबाहेर टाकू नका. नाडी आणि आतला तळवा काढा, जुन्या ब्रशने चिखल झाडा, ओल्या फडक्याने पुसा. आत चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद कोंबा (हा अंक वाचून झाल्यावर चालेल) आणि ओले झाले की बदला. बूट सावलीत, पंख्याखाली. ऊन नको, हेअर ड्रायर नको, फ्रीजमागची ऊब नको. मुक्कामी चुलीजवळ तर मुळीच नको. ओलं चामडं तापलं की आकसतं, कडक होतं आणि दुमडायच्या जागी तडकतं. डिंकही सैल होतो.

पूर्ण सुकल्यावर चामड्याचं क्रीम किंवा मधमाश्यांच्या मेणाचं वॅक्स कापडाने पातळ लावा. शिलाईवर जरा जास्त. हे दर ट्रेकला नको, चामडं कोरडं आणि फिकट दिसू लागलं की पुरे. नबकला मेण लावलं की ते गडद आणि गुळगुळीत होतं, त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. शाळेच्या बुटांचं पॉलिश फक्त चकाकी देतं. आणि घरात आहेच म्हणून खोबरेल तेल चोपडू नका. जास्त तेलाने चामडं लिबलिबीत होऊन बूट आकार सोडतो.

पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या बुटांवर पांढरी बुरशी येते. घाबरायचं कारण नाही. घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, अर्ध्याला अर्धं पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा, वाळवा, मग क्रीम. प्लास्टिकच्या पिशवीत बूट कधीच बांधून ठेवू नका. जुनी उशीची खोळ उत्तम.

मोठ्या भावाचे किंवा काकांचे बूट माळ्यावरून निघाले असतील तर आनंद आहे, पण सोल तपासा. टाच आणि चामडं यांच्यामधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेत तो न वापरताही हळूहळू कुजतो आणि एक दिवस वाटेतच खडूसारखा भुगा होतो. नखाने दाबा, तळ जोरात वाकवा, चार दिवस गावातच घाला. आणि सॅकमध्ये मजबूत चिकटपट्टी आणि जादा नाडी ठेवाच. सुटलेला सोल त्यावर पायथ्यापर्यंत येतो.

चामडं शाबूत असेल तर बूट फेकू नका. नाक्यावर आरी आणि रापी घेऊन बसलेल्या मोचीकाकांना दाखवा. उसवलेले टाके ते तुमच्यासमोर घालून देतात, आणि तेही नवीन नाडीपेक्षा फार जास्त पैसे न घेता. फक्त सोल चिकटवून वर खिळे मारू देऊ नका, टाके घालायला सांगा आणि दोरा नायलॉनचा मागा. पूर्ण सोल बदलायचा असेल तर वेल्टचं काम करणारा कारागीर शोधावा लागतो. हे काम ऑक्टोबरच्या आधी उरका, नंतर सगळेच बूट घेऊन त्याच्याकडे येतात.